टाक्याच्या अलीकडे, टाक्याच्या पलीकडे

मालवणच्या धक्क्यापासून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंतचं पाणी उथळ आहे आणि त्यात जागोजागी खडपं आहेत. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथला वाळूचा पट्टा पावसाळा सरला की जरा निराळ्या जागी सापडतो. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी. कोकणातल्या बऱ्याच खाड्यांची तोंडं थोड्याफार फरकानं अशीच. उधाणाच्या ओहोटीला पाणी इतकं उतरतं की काल निर्धास्त पार केलेली वाट आज दगा देते. अशा वेळी होडीचा तळ बहुधा वाचतो. मार बसतो तो तळाच्याही खाली लोंबणाऱ्या, आऊटबोर्ड मशीनच्या लोअर केसिंगला. पंख्याखालचं पातं तुटतं, कधी केसिंगच्या अंगावर केसाएवढी भेग जाते, आणि किनाऱ्याला आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ह्याला आर्गन मारून होईल का?’ होतं. ॲल्युमिनियमला टाका घालणारा कारागीर जिल्ह्याच्या गावी मिळतो आणि त्याचा हात चांगला असेल तर टाकाही देखणा पडतो. पण केसिंग वाचणार की जाणार हे त्या टाक्यावर फार थोडं अवलंबून असतं. टाक्याच्या आधी काय उघडून पाहिलं आणि टाक्यानंतर काय मोजलं, यावर ते ठरतं. या दोन कामांना आपल्याकडे वेगळं नाव नाही, वेगळा दर नाही. म्हणून ती सहज गाळली जातात. वाया जाणाऱ्या दुरुस्त्यांचं मूळ मला तिथे दिसतं.

या वस्तूची घडण आधी पाहायला हवी. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत मिलवॉकीला स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड यानं १९०९ मध्ये आपलं दीड अश्वशक्तीचं आऊटबोर्ड विकायला काढलं. वर इंजिन, मधून खाली उतरणारा उभा शाफ्ट, तळाशी त्याची फिरकी काटकोनात वळवणारे गिअर आणि त्यावर पंखा, ही त्याची मांडणी आजही कायम आहे. बदल झाला तो तळाच्या कवचात. आजच्या लोअर केसिंगमध्ये, म्हणजे ॲल्युमिनियमच्या एकाच ओतीव तुकड्यात, तीन वाटा शेजारी शेजारी चालतात. पहिली तेलाची: पिनियन, पुढचा आणि मागचा गिअर, बेअरिंग हे सगळं गिअर ऑइलमध्ये बुडालेलं असतं. दुसरी पाण्याची: बाजूच्या जाळीतून आत आलेलं पाणी रबरी इम्पेलर वर ढकलतो आणि इंजिन थंड राहतं. तिसरी धुराची: बऱ्याच मशीनांत जळालेला वायू केसिंगमधून उतरून पंख्याच्या मधल्या पोकळीतून पाण्याखाली सुटतो. या वाटांमधल्या भिंती काही मिलिमीटर जाडीच्या असतात. खाली स्केग म्हणजे पातं, पंख्यावर आडवी पट्टी, हे अवयव मात्र भरीव आणि कुठल्याच वाटेत नसलेले. दुरुस्तीचा सगळा विचार या भेदावर उभा आहे, आणि बाहेरून पाहताना नेमका तोच दिसत नाही, कारण रंग एकच आणि धातूही एकच.

म्हणून भेग किती लांब आहे यापेक्षा ती कुठल्या वाटेत उतरली आहे हे आधी विचारायला हवं. स्केगचा तुकडा उडाला तर होडी हाताला थोडी बावचळल्यासारखी लागेल, पंख्याचं संरक्षण जाईल, पण मशीन चालेल. धुराच्या वाटेला छिद्र पडलं तर आवाज बदलेल, पंख्याच्या आसपास बुडबुडे होऊन त्याची पकड कमी होईल. हानी आहे, पण हळू. पाण्याच्या वाटेला भेग गेली तर इम्पेलरला पाण्याऐवजी हवा मिळू शकते, आणि मग बिघाड खाली असून तापतं वरचं इंजिन. तेलाच्या कप्प्याला गेलेली भेग सगळ्यांत बारीक असू शकते आणि सगळ्यांत महाग पडते. एक जागा अशी की तिथली भेग या कशातच बसत नाही. बेअरिंग ज्या भोकात ठोकून बसवलेलं असतं त्या भोकाच्या काठाला ती गेली, तर गळती नसतानाही गिअर जागचे हलतात. पाच निरनिराळे रोग आणि पाचांवर ‘आर्गन मारणे’ हा एकच इलाज, असं वैद्यानं केलं तर त्याला काय म्हणतील?

तेलाच्या कप्प्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे, ती लक्षात घेतली नाही तर पुढचं काही उमगणार नाही. लाकडी होडीची फट आपण कापूस ठोकून, राळ भरून बुजवत आलो. ते काम जमलं की फसलं हे होडी पाण्यात घातली की कळायचं. पाणी आत दिसायचं. गिअर केसची गळती अशी दिसत नाही. मशीन चालताना तेल तापतं, प्रसरण पावतं, आतला दाब वाढतो. मशीन बंद केलं की तीच गरम केसिंग थंड पाण्यात निवते, आतली हवा आणि तेल आकसतात आणि बाहेरचं पाणी भेगेतून आत ओढलं जातं. तेलाचा तवंग पाण्यावर न दिसताही पाणी आत शिरत राहू शकतं. कळतं ते तेल सोडल्यावर: दूध घातलेल्या चहासारखं तेल बाहेर येतं. कॅनडा-नॉर्वेसारख्या थंड मुलुखांत हेच साचलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि धडधाकट केसिंग जागेवर फोडतं. कोकणात ती भीती नाही. इथे त्या पाण्यानं बेअरिंगवर गंज चढतो, तेलाचा पातळ थर मोडतो आणि काही आठवड्यांनी गिअरचे दात जातात. तोवर खडपाला लागलेला धक्का कुणाच्या ध्यानातही नसतो.

दुधाळ तेल दिसलं म्हणजे भेगच, असंही नाही. पंख्याच्या शाफ्टवर सहसा दोन ऑइल सील पाठीला पाठ लावून बसवलेले असतात. एक तेल आत राखतो, दुसरा पाणी बाहेर. जाळ्याचा नायलॉन दोरा पंख्यामागे गुंडाळला जातो, फिरून फिरून आत सरकतो आणि सीलची कड कापतो. मासेमारीच्या होडीवर हे खडपाच्या धक्क्यापेक्षा जास्त संभवतं. त्याहून क्षुद्र कारण म्हणजे तेल सोडण्याच्या स्क्रूखालचा वॉशर. तो दरवेळी नवा घालायचा असतो, पण चपटा झालेलाच पुन्हा घातला जातो. आता अशा केसिंगच्या अंगावर एखादी जुनी, वरवरची, निरुपद्रवी चीर असेल तर काय होईल? तिलाच टाका पडेल, रंग चढेल, आणि पाणी पूर्वीसारखंच दोऱ्यानं कापलेल्या सीलमधून आत येत राहील. वेल्डर प्रामाणिक, टाका उत्तम, तरी दुरुस्ती फुकट. टाक्याच्या अलीकडचं काम म्हणतो ते हे: पंखा काढणं, दोरा शोधणं, तेल सोडून त्याचा रंग पाहणं, स्क्रूच्या चुंबकावर राखाडी लेप आहे की धातूचे कण आहेत ते बघणं, आणि भेगेवर डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्टचा, फटीत मुरणारा लाल रंग मारून ती खरोखर कुठवर गेली आहे ते ठरवणं.

टाक्याकडे वळण्याआधी धातूचा स्वभाव सांगायला हवा, कारण ‘ॲल्युमिनियम ते ॲल्युमिनियम’ ही समजूत इथे नडते. खिडकीची चौकट, पातेलं आणि गिअर केस यांत नाव सोडून फारसं साम्य नाही. केसिंग डाय-कास्टिंगनं होते: सिलिकॉनमिश्रित वितळलेलं ॲल्युमिनियम पोलादी साच्यात प्रचंड वेगानं दाबून भरलं जातं. त्या झपाट्यात हवा अडकते आणि धातूच्या पोटात बारीक पोकळ्या राहतात. बाहेरची साय घट्ट, आतला गर जाळीदार. अशा धातूला वेल्डिंगची आच लागली की अडकलेली हवा फुगून वर येते आणि वितळलेला धातू फेसाळतो. शिवाय जुन्या केसिंगच्या भेगेत तेल आणि मीठ मुरलेलं असतं, तेही उकळून वर येतं. दुसरी गोष्ट मिश्रणाची. साधारण डाय-कास्टिंगच्या मिश्रणात लोह थोडं ठेवावं लागतं, नाहीतर धातू पोलादी साच्याला चिकटतो. पण त्याच लोहाचे सुईसारखे कण धातूला ठिसूळ करतात. म्हणजे ओतणाऱ्याची सोय ती वापरणाऱ्याची गैरसोय. मर्क्युरी मरीननं लोह कमी करून साचा न चिकटण्यासाठी स्ट्रॉन्शियम वापरणारी मिश्रणं काढली, ती याच कारणानं. तांब्याचंही तेच: ते जास्त असलेलं मिश्रण ओतायला सोपं, पण खाऱ्या पाण्यात लवकर खातं, म्हणून समुद्री मशीनांसाठी तांबं कमी ठेवतात. तेव्हा भंगारातल्या मोटारसायकलच्या इंजिनाचा तुकडा कापून स्केगला जोडणं दिसायला चालतं, समुद्रात चालत नाही.

आता टाका. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, सिलिकॉनचं मिश्रण त्याहून खाली. पण त्याच्या अंगावर क्षणात चढणारी ऑक्साइडची साय २,००० अंशांच्याही वर टिकून राहते. खाली धातूचं पाणी झालेलं आणि वर साय शाबूत, असा हा प्रकार. शिवाय तापताना ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होत नाही. रंगावरून अंदाज घेणारा हात इथे फसतो आणि कड एकदम खाली ओघळते. टिग वेल्डिंगमध्ये, ज्याला आपण आर्गन म्हणतो, उलटसुलट प्रवाह वापरतात तो यासाठीच: एका अर्ध्या फेरीत साय फुटते, दुसऱ्या अर्ध्या फेरीत धातू वितळतो. तरीही अर्धं काम हाताच्या सफाईचं असतं. भेग इंग्रजी ‘व्ही’सारखी खोल उघडायची, तिच्या टोकाला बारीक भोक पाडून तिची धाव थांबवायची, ॲसिटोननं धुवायचं, फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेल्या स्टेनलेस ब्रशनं घासायचं, हलकं तापवून तेल वर काढायचं आणि पुन्हा घासायचं. रॉड निवडतानाही एक लोभ टाळावा लागतो. ‘मरीन ग्रेड’ म्हणून ५०८३ जातीची पट्टी स्केगला लावायचा मोह होतो. पण तिच्यात मॅग्नेशियम भरपूर, केसिंगमध्ये सिलिकॉन भरपूर, आणि नेहमीच्या ४०४३ रॉडनं दोन्ही एकत्र आणली की सांध्यात ठिसूळ संयुग तयार होतं. त्यापेक्षा साधी ६०६१ची पट्टी आणि ४०४३ हा जोड शांतपणे बसतो. नाव मोठं म्हणून वस्तू चांगली, हा हिशेब धातूला मान्य नाही.

आचेचा खरा प्रश्न मात्र टाक्याच्या जागी नसतो, तो तिथून चार-पाच इंचांवर असतो. ॲल्युमिनियमचं हे मिश्रण साध्या पोलादाच्या दुपटीहून अधिक वेगानं उष्णता पसरवतं. स्केगला दिलेली आच बेअरिंगच्या भोकापर्यंत पोचते. दर अंशाला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ५० मिलिमीटरचं भोक १०० अंशांनी तापलं तर ते सुमारे ०.११ मिलिमीटरनं मोठं होतं, आत ठोकलेली बेअरिंगची पोलादी कडी, म्हणजे रेस, मात्र ०.०६नं. दाबून बसवलेली रेस सैल व्हायला तेवढा फरक पुरतो. निवल्यावर भोक आकसतं हे खरं, पण एकाच बाजूनं तापलं असेल आणि टाका आकसताना त्या बाजूला ओढत असेल तर ते जसंच्या तसं परत येईल याची हमी नाही. अंडाकृती होऊ शकतं. गिअरच्या दातांमधली फट मिलिमीटरच्या दशांशांत मोजतात आणि कागदाइतक्या पातळ शिम घालून ती जुळवतात. यामाहाच्या अनेक लोअर केसिंगवर पी, एफ, आर अशी अक्षरं आणि त्यांपुढे आकडे ठोकलेले असतात. ती केसिंग ठरल्या मापापासून किती ढळली आहे याची ती कारखान्यानं केलेली नोंद. शिमचा हिशेब तिच्यावरून होतो. हे आकडे बरेचदा पंख्यावरच्या लहान पात्याच्या (ट्रिम टॅबच्या) बैठकीपाशी असतात, म्हणजे ग्राइंडर हौसेनं फिरवतात त्या जागेला लागूनच. घासून गेले तर त्या केसिंगचं जातकच गेलं. म्हणून तेलाच्या कप्प्याला टाका घालायचा तर केसिंग पूर्ण रिकामी करून, सील आणि बेअरिंग काढून, आकडे कागदावर उतरवून आणि काम झाल्यावर भोकं मोजून. मशीनवरच लटकत्या अवस्थेत मारलेला आर्गन स्केगच्या टोकाला एकवेळ क्षम्य आहे. त्याच्या वर नाही.

मग टाक्याच्या पलीकडचं काम. सगळं जुळवल्यावर, तेल भरण्याआधी, वरच्या स्क्रूच्या भोकातून हवा भरून गिअर केस दाबाखाली ठेवायची. आकडा मॉडेलनुसार कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो. साधारण १० ते १५ पीएसआयच्या घरात, म्हणजे मोटारसायकलच्या टायरमध्ये असते त्याच्या निम्मी हवा. जास्त मारली तर चांगलं सीलही जागा सोडतं. काटा स्थिर राहतो का पाहायचं, शाफ्ट हातानं फिरवायचा, गिअर पुढे-मागे टाकून बघायचा, टाक्यावर आणि सीलवर साबणाचं पाणी सोडायचं. नंतर उलट, हवा खेचून घेऊन तीच तपासणी, कारण समुद्रात गळती आतल्या दिशेनं होते आणि काही सील आतून बाहेर ढकलणाऱ्या दाबाला टिकून आतल्या ओढीला हार खातात. लागणारं साहित्य म्हणजे हातपंप, दाबाचा काटा आणि योग्य आट्यांचा एक जोड. सायकलच्या दुकानात पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात बुडवतात. तत्त्व तेच, आणि ते पाळल्याशिवाय कुठलंही पोर पंक्चर काढल्याचे पैसे मागत नाही. हजारो रुपयांच्या गिअरसेटला आपण ट्यूबइतकाही मान देत नाही, याचं नवल वाटतं.

यावर पहिला आक्षेप अनुभवी माणसांचा असतो: एवढं कशाला, एम-सील लावलं आणि चार हंगाम काढले. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण काही जागी तो बरोबर आहे. गंजानं पडलेले बाहेरचे खड्डे, आडव्या पट्टीची कुरतडलेली कड, धुराच्या वाटेवरचं बारीक छिद्र, इथे नीट खरवडून, धुवून, सुकवून लावलेलं इपॉक्सी वेल्डिंगपेक्षा शहाणपणाचं आहे, कारण त्यात आच नाही. पण तेलाच्या कप्प्यावर ते फसण्याची कारणं आहेत. इपॉक्सी आणि ॲल्युमिनियम तापल्यावर सारखे फुगत नाहीत, दर फेरीला सांध्याची कड ओढली जाते. साधी इपॉक्सी गरम तेलाच्या सहवासात मऊ पडते. आणि आत तेल मुरलेल्या भेगेवर बाहेरून दिलेला लेप धरतो तो तेलाला, धातूला नव्हे. चार हंगाम निघाले असतील तर ती भेग बहुधा तेलाच्या वाटेत उतरलीच नव्हती. बाजारात ज्योतीवर वितळवून दाखवतात त्या जस्तमिश्रित ‘कमी तापमानाच्या’ रॉडबद्दल मात्र मी इतका उदार होणार नाही. रॉड ४०० अंशांच्या आसपास वितळतो हे खरं, पण तो धरण्यासाठी सभोवतालची केसिंगही तितकीच तापवावी लागते. आर्गनची आच एका बिंदूवर असते, इथे अख्खं अंग भाजून निघतं. वर जस्त खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमच्याही आधी झिजतं. जोडलेला सांधाच स्वतःला खाऊ घालत राहतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, आणि तो जिवाशी निगडित आहे. खाडीच्या तोंडावर, लाटा फुटत असताना गिअर गेला तर होडी आडवी होते; तिथे वेल्ड केलेल्या केसिंगवर भरवसा कशाला ठेवायचा, नवी घालावी. परवडत असेल आणि मिळत असेल तर जरूर घालावी. पण नवी केसिंग म्हणजे निर्धोक केसिंग हे समीकरण तपासून घेतलं पाहिजे. प्रत्येक केसिंगवर तिचं ढळलेलं माप वेगळं ठोकलेलं असतं याचा अर्थच हा की जुन्या शिम नव्या केसिंगमध्ये तशाच टाकल्या तर गिअरची फट चुकू शकते. नवी केसिंग घालून सील तिरका बसला तरी पाणी आत येणारच. म्हणजे मोजमाप आणि दाबाची परीक्षा नव्या वस्तूलाही चुकलेली नाही. ती केली तर नीट दुरुस्त केलेली केसिंग विश्वासाला पात्र ठरते आणि न केली तर नवीही ठरत नाही. आणि मिळण्याचं म्हणाल तर, १९०९ पासून चालत आलेल्या एव्हिनरूड मशीनचं उत्पादन त्या वेळच्या मालक कंपनीनं, बीआरपीनं, मे २०२० मध्ये थांबवलं. सुटे भाग देत राहू असं कंपनीनं सांगितलं हे खरं. पण ज्याच्या नावावर हा धंदा उभा राहिला त्याच्या मशीनावर ही वेळ येते, तर बाकीच्यांनी आपलं मॉडेल कायम राहील असं समजून चालू नये.

तिसरा आक्षेप इंजिनिअरचा, आणि तो सगळ्यांत चतुर आहे. स्केग तुटतो ते बरंच, कारण तो तुटताना धक्का स्वतः खातो; तुम्ही तो टाके घालून, वर पोलादाची पट्टी मारून भक्कम केलात तर पुढचा धक्का थेट गिअर केसच्या भिंतीत जाईल. हे पटण्यासारखं आहे. पंख्याच्या मधलं रबर किंवा लहान मशीनमधली पिन ही याच न्यायानं आधी जायची योजना असते. पण यातून निष्कर्ष दुरुस्ती टाळण्याचा निघत नाही, मापात राहण्याचा निघतो. पट्टी मूळ स्केगइतकीच जाड, आकार मूळ इतकाच, सांधा मूळ स्केग तुटला होता त्याच रेषेवर. इथे डाय-कास्टिंगची एक बाजू आपल्या कामाला येते: हा धातू बहुतेक वेळा ओतला तसाच, उष्णतेचे संस्कार न करता वापरलेला असतो, त्यामुळे टाक्याच्या आचेनं त्याचं कमावलेलं बळ गेलं असं फारसं होत नाही. स्टेनलेसचं कव्हर बोल्टनं आवळणाऱ्यांना मात्र दोनदा विचार करायला सांगेन. धक्क्याचा मुद्दा आहेच, शिवाय खाऱ्या पाण्यात स्टेनलेसच्या सोबतीनं ॲल्युमिनियम झिजतं. कव्हरखालचा रंग खरवडला गेला आणि ॲनोड संपलेला असला तर राखणदारच घर खातो.

ॲनोडचा विषय निघाला म्हणून एक आडवं बोलणं. जस्ताची किंवा खास ॲल्युमिनियमची ती वडी झिजण्यासाठीच लावलेली असते. ती निम्मी झाली की बदलायची, आणि तिच्यावर रंग कधीच मारायचा नाही. टाका घातल्यावर केसिंग चकचकीत दिसावी म्हणून पंप मारणारा रंगारी ॲनोडवरूनही हात फिरवतो, आणि तिथून पुढे केसिंग स्वतःच ॲनोड होते. होडीच्या तळाला शेवाळ-शंख धरू नयेत म्हणून लावतात तो तांब्याचा रंग उरला म्हणून केसिंगला लावणं हे तर विष घालणं. टाक्याच्या जागी मूळचा रंग गेलेला असतो, तिथे ॲल्युमिनियमला धरणारा प्रायमर आधी हवा. या गोष्टी वेल्डरच्या कामात मोडत नाहीत, मालकाच्याही नजरेत येत नाहीत. मधल्या पोकळीत पडतात.

तेव्हा निवाडा असा देता येईल. स्केग, आडवी पट्टी, बाहेरचे खड्डे: निःशंक दुरुस्त करावेत. तेलाच्या किंवा पाण्याच्या वाटेतली भेग: केसिंग रिकामी करणारा, आकडे टिपणारा आणि दाब मोजून दाखवणारा कारागीर मिळाला तरच. बेअरिंगचं भोक हललं असेल, पंख्यामागच्या, बेअरिंग धरणाऱ्या कॅरिअरची बैठक किंवा तिचे आटे गंजानं खाल्ले असतील, तर कितीही हळहळ वाटली तरी नको. ती केसिंग भंगारात द्यावी, तिथून ती पुन्हा वितळते आणि नवं ॲल्युमिनियम काढायला लागणाऱ्या ऊर्जेच्या पाचेक टक्क्यांत काम भागतं. किल्ल्यावर किंवा जलक्रीडेला माणसं नेणाऱ्या होडीला मी आणखी एक अट घालेन: दाबाची लेखी नोंद नसेल तर तेलाच्या कप्प्याला टाका असलेली केसिंग चालवू नये.

हे सगळं कारागिराच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही. शिमचे तक्ते आणि दाबाचे आकडे कंपनीच्या इंग्रजी पुस्तकात असतात. ती पुस्तकं गावातल्या मेकॅनिकपर्यंत, त्याच्या भाषेत, पोचवणं कुणाचंच काम नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, पोर्टलही काढलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. ट्रॅक्टर त्यात आला, होडीचं मशीन आलं नाही. मच्छीमार संस्थांनी ही मागणी करायला हवी, आणि डिझेल-रॉकेलच्या मागण्यांइतक्याच जोरानं. पण तोवर थांबायचं कारण नाही. दर ठरवताना गिऱ्हाईक टाक्याची लांबी बघतं, तेव्हा कारागीरही टाकाच विकणार. गिऱ्हाइकानं तपासणी मागितली आणि तिचे पैसे मोजले तर तो हातपंप आणि काटा विकत घेईल. दोन्ही वस्तू एका नव्या गिअरच्या मानानं किरकोळ आहेत.

जूनपासून मासेमारी बंद असते, मशीनं घरात असतात. केसिंग उघडायचा खरा काळ तो. नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात वेल्डरच्या दारात रांग लावली तर त्याच्याकडून घाईच मिळेल. हंगाम भरात असेल, तर एवढंच करा. पुढच्या भांगाला, भरती-ओहोटीचा जोर कमी असताना, होडी वर असेल तेव्हा तळाचा स्क्रू सैल करून वाटीभर तेल काढा आणि उजेडात धरा. दुधाळ दिसलं तर आधी पंखा काढून दोरा शोधा, वॉशर पाहा, मग भेग. आणि आर्गन मारूनच घ्यायचा असेल, तर बिलावर टाक्याच्या रकमेखाली आणखी एक ओळ लिहून मागा: किती पीएसआय, किती मिनिटं.